एका नवऱ्याचा रूट

डेपोच्या वरच्या मजल्यावर, जिथून माल चढवायचा ओटा आणि फाटक दोन्ही दिसतं, तिथे रूटबाईचं टेबल होतं. हे नाव तिला ड्रायव्हरांनी ठेवलं होतं आणि ते पाठीमागेच वापरायचे. तोंडावर सगळे 'ताई' म्हणत. फ्रीज, वॉशिंग मशीन, कपाटं, पलंग असला घरचा जड माल गोदामातून उचलून लोकांच्या घरात पोचवायचा, हा कंपनीचा धंदा. कोणती गाडी कोणत्या भागात जाईल, आधी कुठे थांबेल, मग कुठे, कोणत्या रस्त्यावर सकाळी जड वाहनांना बंदी आहे, कोणत्या इमारतीचा वॉचमन दुपारी झोपतो आणि फाटक उघडत नाही, हे सगळं जुळवून ती रोज दुसऱ्या दिवसाचे रूट आखायची. जो माल शेवटी उतरायचा तो आधी चढवायचा, एवढी साधी गोष्ट निम्म्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही, असं तिचं ठाम मत होतं. एकूणच माणसांबद्दल तिचं मत बरं नव्हतं. मॅनेजर बिनडोक, ड्रायव्हर कामचुकार आणि गिऱ्हाईक खोटारडं. 'आम्ही घरीच आहोत' म्हणून सांगतात, आणि गाडी दारात गेली की भलंमोठं कुलूप.

एका सोमवारी सकाळी ती खिडकीशी चहा घेऊन उभी असताना फाटकाबाहेर एक स्कूटर थांबली. चालवणाऱ्याची मान तिनं आधी ओळखली, मग पाठ. तो तिचा पूर्वीचा नवरा होता. एका चष्म्याच्या दुकानात तो काउंटरवर काम करायचा, म्हणून तिची आई त्याचा उल्लेख 'तो चष्मेवाला' असाच करायची. काडीमोड झाल्यापासून रूटबाईनं त्याला पाहिलं नव्हतं. वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं, एवढं कानावर आलं होतं.

मागच्या सीटवरून एक रुंद खांद्यांची, जाडजूड बाई उतरली. अंगात कंपनीच्या ड्रायव्हरचा निळा शर्ट. ती फाटकातून आत शिरेपर्यंत तो तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि आत गेल्यावरही थोडा वेळ तिथेच थांबला.

"नवी ड्रायव्हर," मॅनेजर वर येऊन म्हणाला. "आधी खाणीवर डंपर चालवायची. बाई आहे, पण चालवते हां." जणू बाई हा प्रकार त्यानंच शोधून काढला होता.

रूटबाईनं त्या दुसऱ्या बायकोचं एक चित्र मनात कधीचंच रंगवून ठेवलं होतं. नाजूक, खाली मान घालून हो ला हो करणारी, जराशी मूर्ख. वर्षानुवर्षं ती त्या चित्राला मनातल्या मनात नाक मुरडत आली होती. आणि आता ही! खालच्या ओट्यावर बसून पसरट डब्यातून ती मोठमोठे घास घेत होती आणि गाडीच्या टायरवर बूट आपटून हवा तपासत होती. रूटबाईला अपमान झाल्यासारखं वाटलं. नवरा तिनं स्वतःच सोडला होता, तरीही वाटलं.

"कशी आहे दिसायला?" आईनं घरी विचारलं.

"डंपरसारखी."

आई गुडघे धरून हसली. डेपोतल्या ड्रायव्हरांनीही त्याच आठवड्यात तिचं तेच नाव ठेवलं. फरक एवढाच, की ते तिच्या तोंडावर म्हणायचे, आणि ती ओ द्यायची.

डंपरचे रूट आखायचे रूटबाईनं. मग तिनं आखले. गावात उतार नावाचा एक जुना भाग होता. टेकडीच्या अंगावर बांधलेली, एकमेकांना टेकून उभी असलेली घरं. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की मोठी गाडी पाठीमागे घेतच आत घालावी लागे. लिफ्ट कुठल्याच इमारतीत नाही. वरून खाली येताना कोणीतरी बाल्कनीतून ओरडणार, की गाडी काढा, माझी गाडी अडकलीये. उतारावर जायचं म्हटलं की जुन्या ड्रायव्हरांची पाठ दुखायला लागे, सासू आजारी पडे. म्हणून तो रूट सगळ्यांना पाळीपाळीनं मिळायचा. आता पाळी संपली. रोज डंपरच.

नियमाबाहेरचं त्यात काही नव्हतं. रूटबाई नियमाबाहेर कधी जातच नसे.

डंपरनं पहिले काही दिवस चकार शब्द काढला नाही. मग एका संध्याकाळी माल पोचल्याच्या सह्या झालेली चलनं टेबलावर ठेवताना ती म्हणाली, "मॅडम, मी कोणाची बायको आहे ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही कोण ते मला. उतारावर पाठवा, माझी हरकत नाही. एक मात्र मानलं. रागानं आखलेला रूटसुद्धा तुम्ही चोख आखता."

"मी राग वगैरे काही मनात धरत नाही," रूटबाई म्हणाली.

"बरं," डंपर म्हणाली, आणि जिना उतरून गेली. त्या 'बरं'नं रूटबाईचं पुढचं सगळं काम नासलं.

टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक गाडीचा एक ठिपका दिसायचा. डंपरचा ठिपका एक चमत्कारिक गोष्ट करायचा. माल उतरल्याची नोंद व्हायची, तरी गाडी हलायची नाही. थोडा वेळ तिथेच. पुढच्या घरी पुन्हा तेच. प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं साचून दिवसाअखेर शेवटच्या गिऱ्हाइकाला वाट बघावी लागायची. रूटबाईला आनंद झाला. म्हणजे ही बाईही आळशीच निघाली तर. तिनं लगेच गाडीवर फोन लावला. फोन उचलला काकांनी. काका म्हणजे डेपोतले सगळ्यात जुने हमाल. समोरचे दात गेलेले, पण पाठ अजून ताठ.

"काका, गाडी का उभी आहे? माल उतरून जमाना झाला."

"तिचं घरच्यांशी चाललंय, ताई. फोटो."

"कसला फोटो?"

"प्रत्येक ठिकाणचा पाठवावा लागतो म्हणे. गाडी, घर, आम्ही हमाल, सगळं त्यात दिसलं पाहिजे. नाही पाठवला तर त्याचा फोन. पाठवला तरी फोन. मागे कोण उभं आहे, अमका का हसतोय. अहो, मी हसलो तर विचारतो का हसला म्हणून! माझ्या तोंडात दात तरी आहेत का?"

रूटबाईनं फोन खाली ठेवला.

ती सासर सोडून आली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तिचीच जीभ तिखट असल्याचा निर्वाळा दिला होता. कारण नवऱ्यात खोट काढायला जागा नव्हती. दारू नाही, सिगरेट नाही, हात उगारणं तर सोडाच, आवाजही चढवायचा नाही. तो फक्त विचारायचा. कुठे होतीस? एवढा वेळ का? फोन आधी कोणी उचलला? मागे कोण बोलत होतं? ती भाजी आणायला गेली तरी जायला किती, निवडायला किती, यायला किती, असा हिशोब मांडून दारात उभा असायचा. आवाज मऊ, चेहरा काळजीचा. मावशीला सांगितलं तर मावशी म्हणाली, "किती जीव लावतो गं तुला!" त्या दिवशी तिनं बॅग भरली.

आणि आता तो कोणालातरी गल्लीबोळात गाडी उभी करून हमालांचे फोटो काढायला लावत होता. तिला डंपरची कीव आली नाही. एवढी धिप्पाड बाई, अवजड गाडी एका हातानं वळवणारी, आणि ह्या पिळपिळीत माणसासमोर फोटो काढत उभी राहते, याचा तिला संतापच आला.

त्यानंतर काही दिवसांनी तो स्वतःच आला. दुपारची वेळ होती, त्याच्या दुकानाची जेवणाची सुट्टी. मॅनेजरनं 'तुमच्या ओळखीचे आलेत' म्हणून त्याला सरळ वर पाठवलं. कोण आहे, कशाला आलाय, हे विचारायची सवय मॅनेजरला नव्हती.

तो समोरच्या खुर्चीत बसला. चष्मा काढला, खिशातून कापड काढलं, आणि काचा पुसत राहिला. ही त्याची जुनी खोड. समोरच्याला ताटकळत ठेवायचं.

"कशी आहेस?"

"काम बोल."

लग्नात ती त्याला 'अहो' म्हणायची. काडीमोडाचा निकाल लागला त्या दिवशी, कोर्टाच्या पायऱ्या उतरताना, तिनं त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. भर रस्त्यात कोणी चप्पल पळवावी तसा त्याचा चेहरा झाला होता. आताही तो जरा कसनुसा झाला.

"बायको आहे माझी तुमच्याकडे."

"माहीत आहे. चांगली चालवते."

"चालवायची काळजी नाही गं. बाकीची." तो पुढे वाकला. "फोटो पाठवते ती. पण फोटोचं काय, कुठलाही काढता येतो. तो एक हमाल आहे, सारखा हसत असतो."

"त्यांना नातवंडं आहेत."

"म्हणजे काय झालं?" तो खरोखरच विचारत होता. "तू एक कर. रोज सकाळी तिचा रूट मला पाठवत जा. कुठल्या घरी, किती वाजता. सुट्टीत मी आपली एक चक्कर टाकून येईन. तुला काय, एक बटण दाबायचं."

"हे तू मला विचारतोयस? मला?"

"मग कोणाला विचारू? मला तुझ्याइतकं ओळखणारं दुसरं कोण आहे?"

त्याच्या डोळ्यांत लाजेचा मागमूस नव्हता. ती का निघून गेली हे त्याला कधी समजलंच नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. इतकी वर्षं हा माणूस आरामात झोपला होता. घासात केस लागावा तशी तिला किळस आली. आणि किळसेच्या मागोमाग एक फार मजेशीर विचार आला.

"पाठवते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या गाड्या फाटकाबाहेर पडल्यावर, तिनं एका नसलेल्या गाडीचा रूट आखायला घेतला. दुकान कुठे आहे ते तिला ठाऊक होतं, सुट्टी किती वेळाची तेही. गाडीच्या जागी स्कूटर धरली. पहिला थांबा रेल्वे फाटकापलीकडे, नेमका मालगाडी जायच्या वेळेला. दुसरा एकेरी रस्त्याच्या उलट्या टोकाला, म्हणजे सगळा बाजार वळसा घालून यावं लागेल. तिसरा पुलाखालच्या वस्तीत, जिथे रस्ता खोदून ठेवलाय आणि पाटी मात्र अर्धा रस्ता आत गेल्यावर लागते. एकेक पत्ता तिनं चवीनं निवडला. गेल्या कित्येक वर्षांत इतकं सुबक काम तिच्या हातून झालं नव्हतं.

'गाडी दिसली नाही,' दुपारी त्याचा मेसेज आला.

'टायर बसला होता. उद्या बघ.'

उद्या तिनं त्याला पिठाच्या गिरणीकडे पाठवलं, परवा कचरा डेपोच्या मागे. 'तिथे नवी वसाहत झालीये, आत जाऊन विचार' असं वर लिहिलं. तो गेला. आत गेला. बुटांचा वास जात नाही, असं त्यानं तिलाच कळवलं. रूटबाई घरी येऊन आईला हे सगळं साभिनय सांगायची आणि आई पदरानं डोळे पुसायची. "उद्या त्याला स्मशानात पाठव," आई म्हणायची, "लाकडी पलंगाची डिलिव्हरी आहे म्हणावं."

असा तो आठवडा फार छान गेला. मग डंपर वर आली.

तिनं दार लावून घेतलं. खुर्चीवर बसली नाही. आपला मोबाइल टेबलावर ठेवला आणि बोटानं रूटबाईकडे सरकवला. त्यावर त्याचे मेसेज होते. 'गिरणीपाशी नव्हतीस. कुठे होतीस?' 'फोटो उतारावरचा, रूट पुलाखालचा. मला मूर्ख समजतेस?' असे ओळीनं कितीतरी.

"हे पत्ते त्याला कोण देतं, ते मी काल शोधून काढलं," डंपर म्हणाली. "तुम्ही."

रूटबाईनं मान वर केली. "त्यानं मागितले. मी खोटे दिले. खरे दिले असते तर बरं झालं असतं?"

"खोटे दिले, आणि मी त्या पत्त्यावर सापडले नाही. मग तो घरी येऊन काय करत असेल, हे तुम्हाला मी सांगायला हवं? माझी पिशवी पलंगावर ओतली त्यानं. माझ्या भावाला फोन करून सांगितलं, की तुझी बहीण दुपारी भलतीकडे असते. मी आंघोळीला गेले तर दाराबाहेर स्टूल टाकून बसतो. तुमची गंमत झाली, मॅडम. त्याचा जाब मला द्यावा लागतोय."

"मला वाटलं नव्हतं, की..."

"तुम्हाला काही वाटलंच नाही. तुम्हाला मजा आली." डंपरचा आवाज जराही चढला नव्हता. "तुम्ही सुटलात ना त्याच्यापासून? मग अजून त्याला नाचवत काय बसलाय? कामधंदा नाही? का कामधंदाच हा आहे? तो घरात बसून जे करतो, तेच तुम्ही इथे पगार घेऊन करता. गाडी का थांबली, किती वेळ थांबली, कोण होतं."

हे शेवटचं रूटबाईच्या अगदी जिव्हारी लागलं. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आणि तुम्ही? ट्रक उलटा गल्लीत घालायची ताकद आहे तुमच्यात, आणि त्याला फोटो पाठवता? मी उठून चालती झाले. तुम्ही का राहता?"

"कारण घर माझ्या वडिलांचं आहे," डंपर म्हणाली. "मी का उठू?"

नवरा असह्य झाला तर बायको निघून जाते, एवढंच रूटबाईला माहीत होतं. नवऱ्यानं निघून जावं, ही व्यवस्था तिच्या कधी डोक्यातच आली नव्हती. रस्त्यांचे शंभर पर्याय काढणाऱ्या बाईला हा साधा रस्ता दिसला नव्हता, याचा तिला स्वतःचाच राग आला.

खाली कोणीतरी फ्रीजचं खोकं आपटलं. मग रूटबाईनं पडदा आपल्याकडे वळवला.

"उद्याचा रूट अजून आखायचाय," ती म्हणाली. "उद्या त्याला खरा पाठवते."

डंपरनं डोळे बारीक केले. "कुठला?"

"उतारावरचा. एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं सागवानी कपाट आहे. चौथा मजला."

"ते तिघांचं काम आहे."

"हो ना. आणि उद्या मला माणसांची फार ओढाताण आहे. तुमच्या गाडीवर मी एकट्या काकांनाच देऊ शकते."

डंपर हसली नाही. तिनं मोबाइल उचलून खिशात टाकला. "त्याच्या सुट्टीला बरोबर जमलं पाहिजे."

"ते माझ्यावर सोडा," रूटबाई म्हणाली.

पुढे काय झालं ते काकांनी सांगितलं. नंतर कित्येक दिवस ते डेपोत ज्याला त्याला सांगत होते. गाडी उलटी घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या इमारतीला लावली. कपाट खाली उतरवून गल्लीत उभं केलं. आणि बघतात तो समोरच्या विजेच्या डब्यामागून अर्धी स्कूटर बाहेर दिसतेय, आणि डब्याच्या वर चष्मा.

"आलात?" डंपरनं हाक मारली. "बरं झालं. या, माणूस कमी आहे. धरा."

"मी? अगं, मी फक्त इकडून चाललो होतो."

"चालला होतात ना? मग वर चाला." तिनं त्याच्या खांद्यावरून कपाट उचलायचा पट्टा ओढलासुद्धा. मुख्याध्यापिकाबाई खाली येऊन इमारतीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हा नवीन दिसतोय. पायपुसण्याला बूट पूस रे आधी."

आयुष्यात त्याला कोणी असं म्हटलं नव्हतं. तो बूट पुसून आत गेला.

वरच्या टोकाला त्याला लावलं, पाठीमागे चढत जायला. खालचा सगळा भार डंपर आणि काकांच्या अंगावर. "उचला. अहो, उचला म्हणजे वर. डावीकडे. तुमची नव्हे, जिन्याची डावी." पहिल्या मजल्यावरच त्याचा शर्ट पाठीला चिकटला. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती आणि माणसं चहाचे कप घेऊन बाहेर येत होती. दुसऱ्या वळणावर तो थांबला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "मला दुकानात जायचंय."

"जा की," डंपर खालून म्हणाली. "सोडलंत तर कपाट माझ्या अंगावर येईल, एवढंच. आणि काकांच्या."

सोडता येईना आणि धरवेना. तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला. एकदा वाजून थांबला, पुन्हा वाजला. दोन्ही हात कपाटाखाली.

"मालक असतील," डंपर म्हणाली. "विचारत असतील, कुठे आहात, एवढा वेळ का लागला."

काका म्हणाले, तेव्हा मात्र मी हसलो. मोठ्यानं हसलो. आणि का हसलो, ते त्यानं विचारलं नाही.

कपाट वर पोचलं. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला, चष्मा नाकाच्या टोकावर, तोंड उघडं. डंपरनं मोबाइल काढून त्याचा एक फोटो घेतला. गाडी सोडून सगळं त्यात होतं. घर, हमाल आणि कपाट. फोटो तिनं त्यालाच पाठवला. खाली लिहिलं, 'आजचा.'

तो दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे आला, दोन्ही हातांना बँडेज गुंडाळून. मॅनेजर धापा टाकत वर आला. "तो गृहस्थ म्हणतोय, कंपनीनं त्याच्याकडून जबरदस्तीनं हमाली करून घेतली!"

"तो गृहस्थ कंपनीच्या गाडीचा पाठलाग करत गिऱ्हाइकाच्या घरात शिरला," रूटबाई शांतपणे म्हणाली. "मुख्याध्यापिका आहेत त्या. वर्तमानपत्रात लिहीन म्हणतायत."

मुख्याध्यापिकाबाईंनी खरं तर फोन करून कपाट फार जपून आणल्याबद्दल आभार मानले होते. पण मॅनेजर जगात फक्त गिऱ्हाइकाला घाबरायचा. त्यानं तेव्हाच फाटकावर फोन करून त्या गृहस्थाला बाहेर काढायला सांगितलं, आणि पुन्हा आत सोडलं तर वॉचमनची खैर नाही, असंही बजावलं. बाहेरच्या माणसाला रूट दिला कोणी, हा प्रश्न त्याला त्या दिवशी सुचला नाही आणि नंतरही सुचला नाही.

घरी डंपरनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, की गाडीवर असताना आता फोन बंद राहील. त्यानं बोलणं सोडलं. तिला त्यामुळे विश्रांतीच मिळाली. मग त्यानं जेवण सोडलं. तिनं आपल्यापुरता स्वयंपाक केला आणि जेवली. शेवटी तो 'काही दिवसांसाठी' बहिणीकडे जातो म्हणाला, आणि ती आडवी येईल म्हणून दारात बराच वेळ थांबला. तिनं त्याची बॅग स्कूटरच्या मागे नीट आवळून बांधून दिली. सामान बांधण्यात तिचा हात कोण धरणार? त्या दिवसांचे पुढे महिने झाले. तो बहिणीकडेच आहे. बहीण कुठेही निघाली की तो घड्याळाकडे बघतो, असं ऐकिवात आहे.

रूटबाई आणि डंपर यांची मैत्री वगैरे काही झाली नाही. एकदा रूटबाईनं, आपल्या मते फार मोठेपणानं, विचारलं, "आता तुम्हाला सपाटीवरचा रूट देऊ का?"

"कशाला?" डंपर म्हणाली. "उतार मला पाठ झालाय. आणि मेहेरबानी नकोय."

"मेहेरबानी नाही करत मी. पाळी लावतेय."

"मग पाळी लावा. माझी येईल तेव्हा जाईन."

रूटबाईनं पाळी लावली. जुन्या ड्रायव्हरांच्या पाठी पुन्हा दुखायला लागल्या. डंपर आजही तिला उद्धट वाटते, बोलणं ओबडधोबड, डबा खाताना तोंडाचा आवाज. आणि डंपरचं तिच्याबद्दल काय मत आहे, ते ती चलनं टेबलावर ज्या तऱ्हेनं टाकते त्यावरून कळतं. पण डंपरची गाडी कुठे रेंगाळली तर रूटबाई हल्ली फोन करत नाही. माल उतरवणं म्हणजे वेळ लागायचाच, असं म्हणून ती दुसऱ्या ठिपक्याकडे वळते. दुसऱ्या ड्रायव्हरांना ही सवलत नाही.

परवा दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. चष्मेवाला होता. आवाज तसाच मऊ.

"ठेवू नकोस. एकच विचारतो. ती माझ्याबद्दल काही बोलते का? कधीतरी? कोणाशी?"

रूटबाईला खोटं सांगता आलं असतं. बहिणीच्या घरून इथवर फेऱ्या मारत राहील, असं काहीतरी. रूट डोक्यात तयारही होता. पण समोरच्या पडद्यावर एक गाडी फुटलेल्या पाइपलाइनपाशी अडकली होती, मागे दोन फ्रीज आणि एका नव्या जोडप्याचा पलंग होता, आणि ड्रायव्हर दुसऱ्या लाइनवर केव्हाचा थांबला होता.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

तिनं फोन ठेवला, दुसरी लाइन उचलली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "पाठीमागे घे. शाळेच्या बाजूनं रस्ता आहे. दोन वाजता शाळा सुटायच्या आत निघालास तर निघालास, नाहीतर बस तिथेच पाण्यात."